हनफीचा ठोका

शुक्रवारची नमाज आटोपून गॅसवाला नगाती दसूकीच्या इस्त्रीच्या दुकानाशी आला आणि त्याला ते पत्र आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलं कधी होतं? तीन वर्षं ते त्याच्या उशाखाली होतं. फ्रान्समधल्या मार्सेहून आलेलं, नव्वाराच्या तिरप्या अक्षरातलं. उत्तर लिहायला तो कितीदा तरी बसला असेल. 'प्रिय मुली' एवढं लिहायचा, आणि पेन खाली ठेवायचा.

"अम्म नगाती, या, या!" दसूकी आतून ओरडला. सगळी गल्ली नगातीला अम्म, म्हणजे काका, म्हणायची. "आला बघा, नव्वाराचा अल्बम आला! आणि चक्क फुकट. कुणीबी उतरवून घ्या, कुणीबी ऐका."

"फुकट?" वरच्या गॅलरीतून उम्म रजबने मान बाहेर काढली. गल्लीतलं कुठलंच बोलणं तिच्या कानांतून सुटत नसे. "मग त्यात काय दम असणार?"

"धर्माची गाय, आणि दात का नाहीत म्हणून विचारतेस, खाला!"

नगाती बाकावर टेकला. नव्वारा याच गल्लीतली, दसूकीच्या वरच्या मजल्यावरची. परकर सावरायच्या वयात गच्चीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसायची आणि गल्लीतले आवाज गोळा करायची. आता परदेशात राहून रॅपची गाणी करत होती. पत्रात तिने लिहिलं होतं, 'अम्म, तुम्ही गॅसच्या टाकीवर पान्याने जो ठोका वाजवायचात, तो माझ्याजवळ आहे. तुमचा ठोका मला गाण्यात घालायचाय. पण तुम्ही हो म्हणालात तरच.'

'तुमचा ठोका'. घोडं तिथेच अडलं होतं.

अलेक्झांड्रियाच्या गल्ल्यांत प्रत्येक गॅसवाल्याचा ठोका वेगळा. चुलीशी उभी असलेली बाई नुसत्या आवाजावरून ओळखते, गाडी कुणाची आली ते. दुसऱ्याचा ठोका वाजवणं म्हणजे मशिदीबाहेरून दुसऱ्याचे जोडे पायात घालून निघणं. आणि नगातीचा ठोका नगातीचा नव्हता. तो त्याच्या उस्तादाचा, मुअल्लिम हनफीचा होता. नगाती त्याच्या हाताखाली गाडी ओढायचा. हनफी एका हिवाळ्यात छातीत कफ होऊन गेला, गाडी नगातीकडे आली. सात दिवस नगातीने स्वतःचा ठोका वाजवत कर्मूझचा सगळा मोहल्ला पालथा घातला. एकही खिडकी उघडली नाही. आठव्या दिवशी त्याने हनफीचा ठोका दिला. तीन सावकाश, दोन झटपट. फटाफट खिडक्या उघडल्या. मग तो ठोका सुटलाच नाही. एकतीस वर्षं.

"हां, लागलं!" दसूकीने फोन मोठ्या स्पीकरला जोडला.

आधी शिलाई मशीन खडखडलं. मग पाण्याची मोटर धापा टाकू लागली, त्यात ट्रामची घंटा, आणि एक बाई खाकरली.

"अरे, हे गाणं आहे का माझा फ्रिज बिघडलाय?" उम्म रजब म्हणाली.

"गप ऐक की गं! याला नवा प्रयोग म्हणतात."

"प्रयोग कर म्हणावं, पण आधी गा."

तेवढ्यात शब्द सुटले. सुएझची कुणी मुलगी होती. शब्द असे धावत होते, जणू मागे पोलीस लागलाय, आणि तरी एकही अडखळत नव्हता. नगातीला निम्मं कळलं, पण अंगावर काटा आला. मशीन, मोटर, ट्राम, सगळी तिच्या बोलण्याला जुंपली होती. हे असं करता येतं? त्याने जन्मभर पुस्तकं वाचली होती, रद्दीवाल्याकडून किलोने आणून. एवढं धीट काही त्याच्या वाचनात आलं नव्हतं.

"सात पाहुणे गायक आहेत," दसूकी फोनवरची नावं वाचत म्हणाला. "माझ्या लग्नालाही एवढे आले नव्हते."

गाण्यामागून गाणी गेली. गल्लीतल्या चार खुर्च्यांच्या चौदा झाल्या. कुणी उसाचा रस आणला. नगातीच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक पाहुणा आधी आपलं नाव सांगायचा, मग मोहल्ला, मग कुणाकडून शिकलो ते. पोर्ट सुदानचा एकजण तर म्हणाला, "ही बोलायची तऱ्हा माझी नाही, धक्क्यावरच्या हमाल इद्रीसची आहे. मी नुसतं तोंड उघडतो." आणि असं बोलून तो लाजला नाही. उलट छाती काढून गायला लागला.

नगाती बाकावरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

नववं गाणं लागलं. आवाज सगळे थांबले. सुएझची मुलगी एकटीच बोलत होती, मागे ढोल नाही, टाळी नाही. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

"बंद पडला का रे तुझा डबा?" कुणीतरी विचारलं.

"थांबा, इथं खाली लिहिलंय काहीतरी." दसूकी वाचू लागला. "'नववं गाणं अपुरं आहे. एका उत्तराची वाट बघतेय. ते आलं की पुरं करीन. फुकटचा माल आहे, घाई कुणाला?' कसलं उत्तर म्हणायचं हे?"

नगातीने ते ऐकलंच नाही. त्याची बोटं बाकावर चालू लागली होती. मुलगी जिथे थांबत होती, तिथे बोट बरोबर पडत होतं. तीन सावकाश. दोन झटपट. ती ठोक्यावरच बोलत होती! ठोका कानाला लावून बोलली होती आणि नव्वाराने मागाहून तो काढून घेतला होता. घराचा पाया काढून भिंती तशाच उभ्या ठेवाव्यात तसं ते गाणं उभं होतं.

दसूकीच्या इस्त्रीला अजून टाकीचाच गॅस होता. टाकी दाराशी, पाना तिच्या गळ्यात अडकवलेला. नगातीने पाना उचलला.

ठण. ठण. ठण. ठण्‌ठण्‌. आणि शेवटी टाकीच्या अंगावरून पाना ओढत, खर्रर्र.

मुलीचे शब्द ठोक्यावर स्वार झाले. लोक उभेच राहिले. खिडक्या उघडल्या.

"नगाती, चौथ्या मजल्यावर दोन टाक्या!" उम्म रजब सवयीने ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. तिच्या स्वयंपाकघरात पाइपाचा गॅस येऊन दोन वर्षं झाली होती. सगळी गल्ली हसली. नगातीही हसला, आणि हात चालूच ठेवला.

गाणं संपलं. दसूकीने त्याला मिठीच मारली. "अम्म, तुमचा ठोका! तुमच्यासाठी जागा ठेवलीय पोरीने!"

"माझा नाही," नगाती म्हणाला.

"काय?"

"माझा नाही तो." एवढ्या लोकांपुढे तो कधी बोलला नव्हता. "मुअल्लिम हनफीचा आहे. मी... मी घेतला. न विचारता."

मग वरून आवाज आला.

"मग? आम्हाला काय ठाऊक नव्हतं?"

नगातीने वर पाहिलं.

"अरे, मी हनफीच्या गाडीवरून टाक्या घेतलेली बाई," उम्म रजब म्हणाली. "तू त्याचा ठोका दिलास, तेव्हा माझी सासू रडली होती चुलीपाशी. म्हणाली, बरं झालं, म्हातारा गेला पण त्याची हाक राहिली. आणि तू एवढ्यासाठी एकतीस वर्षं मान खाली घालून फिरलास? मला वाटायचं, तुला कंबरदुखी आहे."

दसूकीने लगेच फोन उचलला. "कळवतो नव्वाराला, आत्ताच्या आत्ता."

"नको." नगातीने त्याचा हात धरला. "तिने पत्र लिहिलं होतं. मीही पत्रच लिहीन."

त्या संध्याकाळी 'प्रिय मुली'च्या पुढे पेन थांबलं नाही.

'प्रिय मुली, ठोका घाल. पण तो माझा नाही. माझे मुअल्लिम हनफी अब्दुल मौजूद, कर्मूझ, यांचा आहे. तुझे पाहुणे सांगतात तसं त्यांचं नाव गाण्यात आधी मोठ्याने सांग. शेवटचं खर्रर्र तेवढं माझं. माझं मनगट दुखायचं, म्हणून मी पाना ओढायचो. ते नको असेल तर काढून टाक. सुएझच्या मुलीला सांग, ती एकदाही चुकली नाही. उशीर झाला, माफ कर.'

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली, आणि रविवारी सकाळी तो पोस्टात रांगेत उभा राहिला. कारकुनाने पाकीट उलटंसुलटं केलं.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

नगातीने पाकीट परत घेतलं, खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि सावकाश लिहिलं.

"'नगाती, हनफीच्या गाडीवरचा'," कारकुनाने वाचलं. "एवढं लागत नाही हो अम्म. नुसतं नाव पुरे."

"असू द्या."

कारकुनाने खांदे उडवले, तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. नगाती थैलीकडे बघत उभा राहिला.

"झालं ना अम्म?" मागची बाई म्हणाली. "मग सरका की जरा."

तो बाजूला झाला.