पहिला उकार

मुद्रितशोधनात हयात गेल्यामुळे त्यांना सगळे प्रूफबाई म्हणत. बाई निवृत्त झाल्या, दुसऱ्यांच्या चुका काढायची खोड काही निवृत्त झाली नाही. सध्या मात्र स्वारी खुशीत होती. वाचनालयातून त्यांनी इंग्रजी रहस्यकथेचं मराठी भाषांतर आणलं होतं. लहानसं गाव, चहाचं दुकान, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी, आत्याचा अक्रोडाचा केक आणि तो खाऊन आडवा झालेला वकील. माणूस मेला तरी कोणाची भूक मरत नाही, असलं हे पुस्तक. प्रूफबाईही दर पाच पानांनी उठून बिस्किटांच्या डब्यात हात घालत होत्या.

चाळिसाव्या पानावर घास घशात अडकला. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘खुनी आत्याच!’

तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पुस्तकामागे डकवलेल्या वाचकांच्या चिठ्ठीवर आपल्या आधीचं नाव बघितलं, तर बेकरीवाली! तीस वर्षांची मैत्रीण. ‘नविन माल’ ही पाटी दुरुस्त करायला प्रूफबाई तिच्या दुकानात शिरल्या होत्या, तेव्हापासूनची. पाटी सुधारली, बाई सुधारली नाही. पण दर बुधवारी केकचा तुकडा न चुकता पुढे येई.

या बुधवारी प्रूफबाईंनी बशी ढकलली आणि पुस्तक आपटलं.

"शोभलं का हे तुला? तोंडचा घास काढलास माझ्या! आजपासून तुझा-माझा संबंध संपला."

बेकरीवालीने पिठाचे हात पुसून चष्मा चढवला. ओळ वाचताना तिचे डोळे भरून आले. मग ती एकदम थांबली.

"खुनीला पहिला उकार आहे."

"मग? तोच बरोबर आहे."

"तेच म्हणते मी. माझ्या हातून कधी बरोबर लिहिलं गेलंय? मी सरसकट दुसराच देते. तीस वर्षं तूच ऐकवतेस."

तिने चिठ्ठीवर बोट वर सरकवलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख, आणि नाव प्रूफबाईंचं.

"पाय प्लास्टरमध्ये होता तुझा. निजून वाचायचीस, निजूनच लिहायचीस. पुस्तक मीच आणून दिलं होतं."

प्रूफबाईंना काही म्हणता काही आठवेना. पण उकार कसा नाकारणार?

"आणि ऐक," बेकरीवाली म्हणाली, "आत्याने काही केलेलं नाही. बिचारी नुसता केक करते. शेवटपर्यंत वाचलंस तर कळेल."

प्रूफबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं.

"खोडू नकोस. खाली खरं काय ते लिही."

प्रूफबाईंनी लिहिलं: ‘माझी चूक.’ पुस्तक हातात धरून उभ्यानेच लिहिल्यामुळे हेही अक्षर कोंबडीच्या पायांसारखंच आलं.

बेकरीवाली वाकून बघत होती. "चूकला कितवा गं?"

"दुसरा," प्रूफबाई पुटपुटल्या.

"बघ, कधीतरी माझाही बरोबर येतो," म्हणत तिने बशी पुढे सरकवली. केकचा तुकडा मात्र निम्माच होता. उरलेला ती स्वतः खात होती.