जुडाहने सांभाळलेली गाडी

सुकापूरच्या गॅरेजात शैलेशने बॉनेट उघडलं, तेव्हा रोझी मनातल्या मनात एकच मागणं मागत होती. दोष निघायचा तो निघो, पण जुना निघू नये. गुरुवारी तिचं विमान होतं. इस्राएलमध्ये मुलगी केरेन वाट पाहत होती आणि बॅगा भरून दारात उभ्या होत्या. पण जुडाहच्या नावाला बट्टा लावून ती पनवेल सोडणार नव्हती.

जुडाह, तिचा नवरा, दीड वर्षापूर्वी गेला. त्याने ही डिझेल गाडी चौदा वर्षं इतकी जपली होती, की रोझीला कधीकधी त्या गाडीचाच राग यायचा. ती विकायचं ठरलं तेव्हा बाजारातल्या कृष्णाबाईने आपल्या मुलासाठी, जीवनसाठी, शब्द टाकला. रोझी तीस वर्षं तिच्याकडून मासळी घेत होती. खवल्यांचा मासा सोडून दुसरं काही रोझीच्या ज्यू घरात चालत नाही, हे कृष्णाबाई कितीही गर्दी असली तरी विसरत नसे. "त्ये तुज्या धर्मात बसत नाय, बाय," असं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून ती कोलंबी बाजूला सारायची. तिलाच रोझीने छातीठोकपणे सांगितलं होतं, "डोळे मिटून घे. गाडीत खोट नाही."

महिनाही झाला नाही. एका सकाळी कृष्णाबाईचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. जीवनने आईला गाडीत घातलं. उरण रस्त्यावर निम्म्या वाटेत गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली ती पडलीच. दुसरी गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत वेळ निघून गेली होती. कृष्णाबाईचा जीव राहिला, बोलणं गेलं.

"तुमच्या गाडीनं माज्या आयचा आवाज नेला," एवढंच फोनवर बोलून जीवनने फोन ठेवला होता. 

आज जीवन हाताची घडी घालून उभा होता. त्याचा बाप काशिराम, सारा जन्म होडीवर काढलेला माणूस, एका झिजलेल्या टायरवर बसला होता.

"इंजिनाचा पट्टा तुटला असनार," जीवन म्हणाला. "जुना पट्टा तसाच ठेवून गाडी आमच्या गल्यात मारली."

शैलेशने झाकण काढलं. पट्टा शाबूत होता. चावी फिरवली की इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. मग त्याने डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, खाली रिकामी बाटली धरली आणि ती भरल्यावर उजेडात ठेवली. सगळे बघत राहिले. हळूहळू डिझेल वर आलं आणि खाली चार बोटं गढूळ पाणी उरलं.

"डिझेलमध्ये पाणी. दुसरं काही नाही," शैलेश म्हणाला. "कुठून भरलं होतं?"

"पंपावरनं. आनखी कुठनं भरनार?" जीवन म्हणाला.

काशिरामने मान खाली घातली, आणि रोझीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजारी पडायच्या दोनच दिवस आधी कृष्णाबाई हसत सांगत होती: पोरगा बंदरावर ड्यूटीला गेला, की म्हातारा कौतुकाने होडीच्या पिंपातलं डिझेल त्याच्या गाडीत ओततो. जीवनला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता हे बोललं, की जुडाह सुटला. मग हा म्हातारा आयुष्यभर त्या मुक्या बाईला भात भरवणार, आणि प्रत्येक घासाला मुलगा त्याच्याकडे बघणार.

"पाणी माझ्याकडचंच आहे," रोझी म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "हे गेल्यावर गाडी वर्षभर उघड्यावर भिजत होती. टाकीत पाणी जात होतं. मला माहीत होतं, मी बोलले नाही."

शैलेशने चमकून तिच्याकडे पाहिलं. दर तीन महिन्यांनी तोच गाडी तपासत होता, आणि टाकीत पाणी कधीच निघालं नव्हतं. पण तो खाली वाकून फिल्टरचा स्क्रू आवळू लागला.

"माहीत होतं?" जीवन ओरडला. "आन माज्या आयला डोले मिटून घे म्हनालात? तुमचा नवरा बी असाच लबाड होता काय?"

 जुडाहची क्षमा मागायलासुद्धा रोझीला तोंड राहिलं नव्हतं.

"जीवन, गप र्‍हा."

काशिराम उठला होता. त्याने बाटली कलती करून वरचं डिझेल सांडून दिलं, तळाचं थोडं पाणी तळहातावर ओतलं आणि जिभेला लावलं.

"चाखून बग," तो मुलाला म्हणाला. "खारं हाय. जुडाहसायबाच्या दारात समिंदर नव्हता." त्याने बाटली जीवनच्या हातात दिली. "माज्या पिंपातलं हाय ह्ये. होडीला चालतं, मला वाटलं हिला बी चालंल. बाय, मेलेल्या मानसावर दोष कशाला घालता?"

जीवनने पाणी जिभेला लावलं आणि बाटली खाली ठेवली. रोझी पुढे झाली आणि तिने काशिरामचा डिझेलने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिला रडू आवरेना.

"घरी कृष्णाबाईला काही सांगू नका," ती म्हणाली.

"सांगनार," काशिराम म्हणाला. "ती बोलनार नाय आता. पन तिला आयकू येतं."