उत्तरेची चिंधी

“इथं वळ,” ओतिलिया म्हणाली.

“नातीच्या बाप्तिस्म्याला चाललोय ना आपण? युमापासून गाडी हाकतोय मी. या रस्त्याकडेच्या बागेत आहे काय? निवडुंगच ना? ते काय खिडकीतून दिसत नाहीत तुला?”

“मला एकच बघायचाय. वळ म्हटलं की वळावं, म्हाताऱ्या.”

वळलो. कुठला बघायचाय ते मला ठाऊक होतं. फेर्मिन लेइव्हाचा.

फेर्मिन आणि मी अकरा वर्षं एका ट्रकवर होतो. कुठे रस्ता रुंद व्हायचा असला की तिथले सग्वारो निवडुंग मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचे, हा आमचा धंदा. तीन-तीन टनांचं एकेक धूड. तो देखणा, मी नुसताच दणकट. ओतिलियाने लग्न माझ्याशी केलं खरं, पण त्याआधी दोन वर्षं ती त्याच्याबरोबर नाचायला जायची. लग्नानंतरही त्याचं नाव निघालं की तिचा पिठातला हात थांबायचा. ते मला कधी सोसलं नाही. गेल्या नाताळात तो मातीत गेला, तरी सोसत नाही.

बागेतला सगळ्यात उंच सग्वारो तोच. खाली पितळी पाटी: फेर्मिन लेइव्हा यांनी आणून लावला. साखळदंड मी ओढले, खड्डा मी खणला, आणि नाव त्याचं. ओतिलियाने पाटीवरची धूळ ओढणीने पुसली. माझा चष्मा तिने कधी असा पुसलेला नाही.

“दक्षिणेची बाजू बघ,” मी म्हणालो. “करपलीय सगळी. उलटा लावला तुझ्या कारागिरानं!”

उचलण्याआधी निवडुंगाच्या उत्तरेच्या अंगाला चिंधी बांधायची आणि लावताना ती पुन्हा उत्तरेलाच आणायची, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सावलीत वाढलेलं ते अंग उन्हाकडे फिरलं की भाजून निघतं.

त्याच बाजूला शिडी लावून पन्नाशीची एक माळीणबाई सावलीचं कापड बांधत होती. ग्रीसेल्दा तिचं नाव. ती वरूनच म्हणाली, “फेर्मिनकाकांना नका हो बोलू. चिंधीच उलट्या अंगाला होती. कशी काय, विचारलं की म्हणायचे, वाऱ्यानं फिरली असेल. दर मे महिन्यात स्वतः येऊन कापड बांधायचे. आता गरज नाही म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. यंदा ते नाहीत म्हणून मी बांधतेय, पण मला मेलं त्यांच्यासारखं जमत नाही.”

चिंध्या मी बांधायचो. हे झाड उचललं त्या सकाळी ओतिलियाने आम्हा दोघांना बरिटो, म्हणजे मांस भरून गुंडाळलेल्या पोळ्या, बांधून दिले होते आणि फेर्मिनच्या बरिटोत मांस जास्त होतं. निदान मला तसं वाटलं. एक तरी झाड त्याच्या हातून मरावं म्हणून मी चिंधी दक्षिणेला बांधली. त्याने माझ्यावर विश्वास टाकला. झाड करपायला लागलं तोवर मी युमाला काम धरलं होतं.

“वारा असतोच इकडे,” मी म्हणालो.

“वाऱ्यानं गाठ सुटते,” ओतिलिया हळूच म्हणाली. “दुसऱ्या बाजूला जाऊन बसत नाही.”

“त्यानं सांगितलं तुला?”

“तो कशाला सांगेल? चिंध्या तूच बांधायचास, फडकी माझ्याच घरातून न्यायचास ना?”

चिंध्या कोण बांधतो हे फेर्मिनलाही ठाऊक होतं, म्हणजे त्यालाही कळलं होतं. इतकी वर्षं तो येत राहिला आणि माझं नाव त्याने कुणापाशी काढलं नाही. मेल्यावरही माझ्यापेक्षा चांगला निघाला, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

“बाई, उतरा खाली,” मी ग्रीसेल्दाला म्हणालो. “द्या ते कापड.”

“एकाहत्तर वर्षांचा आहेस. पडशील,” ओतिलिया म्हणाली. पण मी चढल्यावर तिने दोन्ही हातांनी शिडी धरली.

करपलेलं अंग बोटांना वाळक्या लाकडासारखं लागलं. मी काट्यांतून कापड ओढून घेतलं, पहिली गाठ मारली आणि खाली पाहिलं. ओतिलिया मान वर करून बघत होती. माझ्याकडे की झाडाकडे, ते मी विचारलं नाही. दुसरी गाठ मारायला घेतली.