चौदा नंबरच्या मोरीचा वास

त्या वर्षी मिसेस एनिड टॅलो यांनी लार्चफील्डच्या नगरपालिकेला चार पत्रं लिहिली. पहिलं अगदी खरं होतं. बाकीची तीन तेवढी खरी नव्हती, एवढंच सध्या म्हणू या.

पहिलं पत्र उंदरांचं. मार्चमध्ये त्यांच्या कोळशाच्या खोलीत उंदीर झाले होते, आणि तेही मांजराला दम देतील असे. आरोग्य खात्यानं आपले इन्स्पेक्टर पाठवले. मिस्टर फिच त्यांचं नाव. पन्नाशीचे, उंच, खांदे पुढे झुकलेले, विजारीला सायकलची क्लिप तशीच लावलेली. त्यांनी विष ठेवलं, फॉर्म काढला, आणि फॉर्म भरायला टेबल लागतं म्हणून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. बसले म्हणजे चांगले टेकून बसले. चहा घेतला, शहाजिरं घातलेला केक खाल्ला आणि म्हणाले, आई गेल्यापासून असा केक खाल्ला नव्हता. एकूण बावीस मिनिटं. मिसेस टॅलोंनी घड्याळ बघितलं होतं.

त्यांच्या आधी त्या खुर्चीवर बसलेला शेवटचा माणूस म्हणजे शवपेटीची मापं घ्यायला आलेला. मिस्टर टॅलोंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी लग्न करून कॅनडात गेली होती. तिची पत्रं यायची, पण पत्राला काही चहा विचारता येत नाही.

लबर्नम रस्त्यावरची माणसं वाईट होती असं मुळीच नाही. कुंपणावरून हवापाण्याची चौकशी व्हायची, टोपी उचलली जायची, गारठा वाढलाय यावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायचं, की संपलं. कारण असल्याशिवाय कोणी कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे, आणि कारण असल्याशिवाय कोणी कोणाला आत बोलावतही नसे. 'एकटीला करमत नाही' हे तिथे कारण धरत नाहीत. ते तोंडानं म्हणण्यापेक्षा माणूस उंदीर पाळेल.

तर जूनमध्ये मिसेस टॅलोंनी माश्यांबद्दल लिहिलं. मिस्टर फिच आले, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं, अठरा मिनिटं बसले. ऑगस्टमध्ये भिंतीला ओल आल्याचं लिहिलं. ओल होती, पण चहाच्या बशीएवढी. तेव्हा पाऊस आला म्हणून मिस्टर फिच चांगला अर्धा तास थांबले आणि त्यांनी आपल्या बहिणीच्या गुडघेदुखीची सगळी हकीकत सांगितली. त्यानंतरचे चार दिवस मिसेस टॅलो त्या गुडघ्याचा विचार करत होत्या. कोणाच्या तरी गुडघ्याची काळजी करायला मिळणं हेही काही कमी नसतं.

सप्टेंबरमध्ये त्यांनी लिहिलं की मोरीतून घाण वास येतो. आणि इथे गाडी घसरली.

झालं असं, की त्याच आठवड्यात टेकडीपलीकडच्या प्राथमिक शाळेत आवेची साथ आली होती. अकरा मुलं आजारी पडली, त्यातली दोन साथीच्या रुग्णालयात होती, आणि त्यांच्या आयांना काचेबाहेरूनच त्यांच्याकडे बघावं लागत होतं. नगरपालिकेच्या मोठ्या डॉक्टरांचा हुकूम निघाला होता, की गटाराच्या वासाची कुठलीही तक्रार आली तर सगळं सोडून आधी तिकडे जायचं. मिसेस टॅलोंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आठवड्याच्या रेशनमधून दोन चमचे चहा वाचवला होता, केकसाठी लोणी साठवलं होतं, आणि सोमवारी सकाळी त्या नवा ॲप्रन बांधून वाट बघत होत्या.

मिस्टर फिच आले ते सायकलवरून नाही, खात्याच्या गाडीतून. बरोबर शिडी, गरम पाण्याची किटली आणि घट्ट बुचाची एक छोटी बाटली. ते दारातच उभे राहिले आणि घाईघाईनं सगळं समजावून सांगू लागले. बाटलीत पेपरमिंटचं तेल होतं. घराच्या मागच्या भिंतीला गटाराचा जो उभा पाइप असतो, त्याच्या तोंडात ते वरून ओतायचं आणि मागोमाग गरम पाणी सोडायचं. जमिनीखाली पाइप कुठे फुटला असेल तर पेपरमिंटचा वास घरात येतो. वास आला नाही तर पाइप धडधाकट.

फक्त एक होतं. ज्यानं तेल ओतलं त्यानं घरात यायचं नाही, कारण त्याच्या कपड्यांबरोबरच वास आत येतो आणि सगळी परीक्षा फुकट जाते. बरोबर येणारा मदतनीस शाळेकडे अडकला होता. तेव्हा वास घ्यायचं काम मिसेस टॅलोंचं. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, दहा मिनिटं प्रत्येक खोलीतून फिरायचं आणि मग खिडकीतून सांगायचं.

"म्हणजे तुम्ही आत येणार नाही?" मिसेस टॅलोंनी विचारलं.

"नाही येता येणार, बाई. आज तुमचं नाक म्हणजे माझं नाक."

दार लागलं. बाहेर शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज आला, मग बुटांचा, मग पाणी पाइपमधून गडगडत खाली गेल्याचा. मिसेस टॅलो आधी वरच्या खोल्यांतून फिरल्या. मिस्टर टॅलोंच्या कपाटापाशी थांबून त्यांनी वास घेतला. डांबराच्या गोळ्या. जिन्यात मेणाचं पॉलिश. बैठकीत थंड कोळसा. शेवटी मोरीत येऊन त्या वाकल्या, अगदी नाक जाळीला लागेपर्यंत वाकल्या. साबण, ओला दगड, आणि मागून स्वयंपाकघरातून शहाजिरं. पेपरमिंट कुठेच नाही. घर इतकं ठणठणीत होतं की त्यांना त्याचा रागच आला.

खिडकीबाहेर मिस्टर फिच घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांनी काचेपलीकडून खुणेनं विचारलं. नाही म्हटलं तर काय होणार हे मिसेस टॅलोंना स्पष्ट दिसत होतं. कागदावर एक सही होणार, शिडी गाडीवर चढणार, आणि हा माणूस त्या टेबलाकडे पाठ करून निघून जाणार. होय म्हटलं तर त्याला परत यावं लागणार.

त्यांनी खिडकी चार बोटं उघडली आणि म्हणाल्या, "येतोय. मोरीत."

मिस्टर फिचचा चेहरा पडला. परत यायला मिळणार म्हणून तो खुलेल अशी मिसेस टॅलोंची काही अपेक्षा नव्हती, पण इतका पडेल असंही वाटलं नव्हतं. ते ताबडतोब निघाले. जाताना त्यांनी सांगितलं की बारा आणि चौदा नंबरचा पाइप एकच आहे, तो शेजारच्या बागेखालून जातो, म्हणजे गुरुवारी तिथेच खणावं लागेल. आज शेजाऱ्यांनाही नोटीस जाईल. आणि पाणी उकळून प्या.

केक मिसेस टॅलोंनी रात्रीच्या जेवणाला खाल्ला, मंगळवारी सकाळी खाल्ला, आणि दुपारी पक्ष्यांना घातला.

मंगळवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. बारा नंबरचे मिस्टर ऑडी दारात उभे होते, टोपी हातात. सहा वर्षांत पहिल्यांदा. बसच्या डेपोत काम करणारा हा लाल मानेचा, अबोल माणूस, पण त्याच्या डेलियांची फुलं पाहायला लोक रस्ता ओलांडून येत. शनिवारी नगरपालिकेचं फुलांचं प्रदर्शन होतं. मागची दोन वर्षं मिस्टर ऑडींचा दुसरा नंबर आला होता. यंदाचे त्यांचे डेलिये पानगोबीएवढे झाले होते, आणि पाइप नेमका त्यांच्याखालून जात होता.

मिसेस टॅलोंनी त्यांना आत घेतलं. ते बसले नाहीत. मोरीच्या दारात उभं राहून टोपीची कड गोल गोल फिरवत राहिले. पोरं आजारी पडतायत तिथे फुलांचं काय घेऊन बसायचं, असं तेच आधी म्हणाले. त्यांच्या बहिणीचा नातू शाळेतल्या साथीत आजारी पडलेल्या अकरांतला होता, रुग्णालयात, आणि त्याची आई काचेबाहेरूनच त्याला बघत होती, हे मिसेस टॅलोंना तेव्हाच कळलं. खणायचं तर खणू देत. फक्त एक विचारायचं होतं.

"नाक तिखट आहे हो तुमचं, मिसेस टॅलो," ते म्हणाले. "पण मी म्हणतो, तुमच्या या खिडकीखाली माझा पुदिना लावलाय. तो वास तर नसेल आला? पुदिना काय, पेपरमिंट काय, एकाच कुळातली भावंडं. चूक कोणाचीही होते."

मिसेस टॅलोंनी खिडकीकडे पाहिलं. खाली खरंच पुदिना माजला होता. किती सोपं होतं. हो, तोच असेल बरं का, एवढं म्हटलं की सगळं मिटलं असतं. डेलिये वाचले असते, अब्रू राहिली असती, आणि या भल्या माणसानं स्वतःच्या हातानं आणून दिलेलं खोटं वापरायला कोणाचीच हरकत नव्हती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ती काच आली आणि काचेबाहेर उभी असलेली आई. ज्या दिवशी कुठलं तरी खरं गटार शोधायचं, त्या दिवशी मिस्टर फिच इथे शिडी लावून उभे होते.

"पुदिना नव्हता," त्या म्हणाल्या. "कसलाच वास नव्हता. मी खोटं सांगितलं."

मिस्टर ऑडींच्या हातातली टोपी थांबली. त्यांनी छताकडे पाहिलं, मग बुटांच्या फळीकडे, मग परत टोपीकडे. का, असं त्यांनी विचारलं असतं तर मिसेस टॅलोंनी कदाचित सांगितलंही असतं. पण लबर्नम रस्त्यावर का विचारत नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "उद्या कोरडं राहील असं दिसतंय."

"हो, तसंच दिसतंय," मिसेस टॅलो म्हणाल्या.

ते गेले. फाटकाची कडी त्यांनी अगदी हळू लावली, घरात कोणी आजारी असल्यासारखी.

बुधवारी सकाळी नऊच्या बसनं मिसेस टॅलो टाउन हॉलला गेल्या. आरोग्य खातं तळमजल्यावर, शेवटच्या दारात. आत भिंतीवर गावाचा मोठा नकाशा होता आणि त्याच्यात लाल टोप्यांच्या टाचण्या खुपसलेल्या. शाळेभोवती त्यांचा घोळका होता. आणि त्या घोळक्यापासून खूप लांब, टेकडीच्या अलीकडे, लबर्नम रस्त्यावर एकच टाचणी. ती कोणाची, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मिस्टर फिच टेबलामागे होते. दाढी वाढलेली. त्या एकट्या टाचणीनं गेले दोन दिवस सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं होतं, इतक्या लांब आव पोचली कशी म्हणून. मिसेस टॅलोंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. वासाचं आधी, मग ओलीचं, मग माश्यांचं. उंदीर मात्र खरे होते, असंही सांगितलं, कारण तेवढं तरी नावावर राहावं असं त्यांना वाटलं.

मिस्टर फिच रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फॉर्म काढला, पेन उचललं, आणि लिहितो 'वास थांबला' असं म्हणाले. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं.

"तसं नका लिहू," मिसेस टॅलो म्हणाल्या. "वास कधी नव्हताच असं लिहा. नाही तर तुम्ही तो शोधत बसाल."

त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच नीट त्यांच्याकडे पाहिलं. केक, बावीस मिनिटं, अठरा मिनिटं, बहिणीचा गुडघा, सगळं एकेक करून त्यांच्या ध्यानात येत असावं. काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून टंकलेखन करणाऱ्या बाईंनी हाक मारली, शाळेतून फोन होता. आलोच, असं म्हणून ते उठले, आणि जाता जाता नकाशाकडे बोट करून म्हणाले, "ती काढून टाकता का तेवढी?"

मिसेस टॅलो नकाशापाशी गेल्या. टाचणी चांगली घट्ट बसली होती. दोन बोटांत धरून ओढावी लागली. मागे कागदाला बारीकसं भोक राहिलं, लबर्नम रस्त्याच्या बरोबर मधोमध. टाचणी त्यांनी टेबलावरच्या टाचण्यांच्या बशीत ठेवली आणि थोडा वेळ उभ्या राहिल्या. पलीकडच्या खोलीत मिस्टर फिच फोनवर कुठल्या तरी विहिरीबद्दल, कुठल्या तरी घराबद्दल मोठ्यानं विचारत होते, आणि आवाजावरून ते पुष्कळ वेळ विचारत राहणार होते.

बाहेर परतीची बस उभी होती. कंडक्टरनं मिसेस टॅलोंकडे पाहून घंटेच्या दोरीला हात घातला, येताय का म्हणून भुवया उंचावल्या. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि चालायला लागल्या. बसनं घर लवकर आलं असतं.