मायनसची गाठ

होम थिएटरचे पाच स्पीकर जोडण्याआधी जावयाने त्यांचा नकाशा काढला होता. भूगोलाचा मास्तर, दुसरं काय करणार? टीव्हीच्या दोन बाजूंना दोन, मधे एक, सोफ्यामागे दोन. प्रत्येकाला वेगळा रंग आणि खाली सूचीसुद्धा. बाबांनी तो कागद दोन बोटांत धरून पाहिला आणि परत दिला. पस्तीस वर्षं स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवलेल्या सासऱ्याला हा माणूस तारांचा नकाशा दाखवत होता!

पण ते बोलले नाहीत. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आज त्याला एक जरी टोमणा मारलात ना, तर पुढच्या रविवारपासून बोलावणार नाही. खरंच सांगते." बायको गेल्यापासून बाबांच्या आठवड्यात रविवार तेवढाच उरला होता. बाकीचे सहा दिवस ते भिंतींना नावं ठेवायचे, आणि भिंती उलट बोलत नसल्यामुळे त्यात काही मजा नव्हती.

तारा त्यांनीच कापून आणल्या होत्या. दुकानातलं उरलेलं बंडल, पारदर्शक, दोन्ही पदर अगदी सारखे. म्हणून मायनसच्या, म्हणजे काळ्या खाचेत जाणाऱ्या, पदराला दोन्ही टोकांशी बारीक गाठ. दुकानाची पद्धतच होती ती. जावयाने लगेच वही काढून लिहिलं, 'गाठ म्हणजे मायनस', आणि खाली दोन रेघा मारल्या. स्वतःचं नाव तरी पाठ आहे का याला, बाबा मनात म्हणाले.

मग त्याने तारेचं टोक नेलकटरने सोललं. नेलकटरने! एक तार रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पेटीला, लावायची, उठायचं, नकाशावर बरोबरची खूण करायची, पुन्हा बसायचं. बाबांनी जीभ दाताखाली धरून ठेवली. पाचव्या तारेपर्यंत टेबलावरचं जेवण निवून गेलं.

शेवटी गाणं लागलं. गाणाऱ्याचा आवाज समोरून यायला हवा, तो खोलीभर भटकत होता, आणि ढोलाचा ठोका कुणी रिकामा डबा वाजवावा तसा. बाबांनी क्षणात ओळखलं. पुढच्या जोडीतला एक उलटा लागलाय. एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग आवाज उरणार कुठून?

मुलीच्या लग्नापासूनचं, सात वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. "उलटी जोडलीस! अहो जावईबापू, लाल आणि काळा एवढे दोनच रंग होते हो! पोरांना उत्तर-दक्षिण तरी नीट शिकवता ना?"

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "झालं समाधान?" ती म्हणाली. "जेवून घ्या, मग टॅक्सी बोलावते."

तिने रिमोटमधला सेल काढला. डाव्या स्पीकरची जाळी उतरवली, त्याची तार रिसीव्हरमधून सोडवली आणि सेलला टेकवली: साधा पदर प्लसला, गाठीचा मायनसला. आठव्या वर्षी दुकानात बाबांनीच शिकवलं होतं. सगळं बरोबर असेल तर स्पीकरचा कागदी कोन बाहेर उडतो. तो आत गेला.

जावयाने स्पीकरमागे वाकून पाहिलं. तिथे गाठीचा पदर काळ्यातच होता. मग तोच पदर चिमटीत धरून तो दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. अर्ध्यावरच बाबांना आठवलं. गाठी मारताना चष्मा सापडत नव्हता, आणि शोधायचा कंटाळा केला होता.

दुसऱ्या टोकाला त्या पदराला गाठच नव्हती. गाठ शेजारच्याला होती.

जावयाने ते टोक मुठीत झाकलं. त्याचे कान लाल झाले. "माझंच चुकलं, बाबा. मीच उलटी लावली होती."

मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आता 'तरी म्हटलं' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते अगदी ओठांवर आलं होतं.

"खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला!" बाबा ओरडले. "मूठ उघड. ती गाठ माझी आहे. पस्तीस वर्षं लोकांच्या तारा तपासल्या आणि स्वतःची एक तपासली नाही. गाढव आहे मी."

जावयाने मूठ उघडली, वही ओढली आणि 'गाठ म्हणजे मायनस'च्या खाली नीट अक्षरात लिहिलं, 'तपासून घेणे'. बाबांनी वाकून ते वाचलं आणि जिभेवर आलेला टोमणा गिळला.

मुलगी जेवण गरम करायला वळली. "पुढच्या रविवारी येताना," ती आतून म्हणाली, "चष्मा आणा."