केकचा अर्धा वाटा

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघं पुन्हा मधुचंद्राच्या त्याच तळ्याकाठच्या हॉटेलात आली होती. तेव्हा ती नवी नवरी होती, कंबर वाढेल या धास्तीने घास मोजून खायची. नवरा औषधांच्या दुकानात पुड्या बांधायचा. केक आला की तो सुरीने बरोब्बर मधोमध कापायचा आणि म्हणायचा, "अर्ध्या कॅलरी माझ्या पोटात. तू खा बिनधास्त!" वाइनचा ग्लासही तसाच अर्धा व्हायचा.

आता मोजायचं काम त्याच्याकडे होतं. डॉक्टरांनी दम दिल्यापासून तो सगळं फोनमध्ये लिहायचा.

केक आणि वाइनचा एक ग्लास आला. तिने सुरी त्याच्यापुढे सरकवली.

"केक चारशे दहा, वाइन सव्वाशे," तो म्हणाला.

"अहो, कापा ना अर्धा."

"माझा आजचा कोटा संपला. दुपारी खाली जाऊन एक पेस्ट्री खाल्ली."

"एकटेच?"

"तू घोरत होतीस की!"

तिने सुरी उचलून केक मधोमध कापला. एक अर्धा खाल्ला. थोडा वेळ थांबून दुसराही खाल्ला. गोड असावा; तिचं चवीकडे लक्ष नव्हतं.

"तुझे पाचशे पस्तीस झाले. लिहू?"

"लिहा," ती म्हणाली आणि ग्लास संपवला.