बदाम की हरभरा

उचगावच्या तालमीचे वस्ताद गणपतराव यांचा आवाज असा, की ते खाकरले तरी पलीकडच्या गल्लीतली म्हैस पान्हा चोरायची. गावात नशेच्या गोळ्या आणि इंजेक्शनं किती पसरलीत हे मोजायला अनुजा नावाची पोरगी आली, तेव्हा याच आवाजात ते भर चौकात गरजले, "आमच्या तालमीत एक जरी निघाला, तर त्याच दिवशी कुलूप घालतो!"

बोलून मोकळे झाले. आता माघार कुठली?

तोंडावर विचारलं तर खरं कोण सांगणार? म्हणून अनुजानं पडद्याआड मडकं ठेवलं आणि पैलवानांच्या खुराकातलाच एक बदाम, एक हरभरा प्रत्येकाच्या हातावर दिला. "डॉक्टरला न विचारता गोळी-इंजेक्शन घेत असाल तर बदाम टाका, नसाल तर हरभरा. कुणी काय टाकलं, मलाही कळणार नाही. वस्ताद, तुम्हीसुद्धा."

मडकं उपडं केलं. नुसते हरभरे! वस्तादांची छाती फुगली.

"पण बदाम कुठं गेले?" अनुजानं विचारलं.

सगळ्यांचे जबडे हलत होते. "खाल्लं की, ताई," राजवर्धन हा थोरला पैलवान म्हणाला. "बदाम कोण मडक्यात टाकतंय व्हय?"

अनुजानं वस्तादांकडं पाहिलं. त्यांनी घाईघाईनं घास गिळला.

हसून हसून तिची पुरेवाट झाली. मग बदामाऐवजी काळा खडा आणि हरभऱ्याऐवजी विटेचा तुकडा देऊन तिनं पुन्हा सगळ्यांना आत धाडलं.

या खेपेला पडद्याआड वस्ताद घुटमळले. गुडघा दुखतो म्हणून ते दुकानातून गोळ्या आणायचे. गुडघा कधीच बरा झाला होता, पण गोळीवाचून डोळा लागत नव्हता. औषधच ते, नशा थोडीच! असं मनाला लाख समजावलं, पण हात ऐकेना. काळा खडा मडक्यात पडला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय होय? मडक्यातून काळे खडे पाच निघाले.

कुणी कुणाकडं बघेना. शेवटी राजवर्धननं कुलूप आणून वस्तादांपुढं धरलं.

वस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते बोलले.

"ह्यातला एक खडा माझा हाय. बाकीचं चौघं कोण, मी इचारणार न्हाय. पर कुलूप घातलं, तर आमी पाचजणांनी जायाचं कुठं?"